जर्मन अक्युझाटिव्ह: 'मला' म्हणजे मिश की मीर? आणि फ्यूर, ओने, उम यांच्यानंतर काय?

नवशिकी_ठाणे

जर्मनच्या ए-१ (पहिल्या पातळी) चा अभ्यास चालू आहे. कर्माची सर्वनामं पाठ आहेत: मिश, डिश, ईन, झी, एस, उन्स, ऑइश, झी. अक्युझाटिव्ह (कर्माची विभक्ती, आपली द्वितीया) घेणारी अव्ययंही पाठ आहेत: डुर्श, फ्यूर, गेगेन, ओने, उम. कोष्टक विचारलं तर न अडखळता म्हणता येतं, पण वाक्य लिहायला घेतलं की गडबड होते. तपासून आलेल्या वहीतली ही सहा वाक्यं, सहाही चूक:

(१) इश झेहे डेर बाउम. (मी झाड बघते.)
(२) डास गेशेंक इस्ट फ्यूर माइन. (ही भेट माझ्यासाठी आहे.)
(३) वो इस्ट डेर श्ल्युसेल? इश झूखे झी. (किल्ली कुठे आहे? मी ती शोधतेय.)
(४) माइन फाटर वोन्ट इन नागपूर. इश बेझूखे झी. (वडील नागपूरला राहतात. मी त्यांना भेटायला जाते.)
(५) इश हेल्फे डिश. (मी तुला मदत करते.)
(६) डास इस्ट आइनेन टिश. (हे टेबल आहे.)

बरोबर उत्तरं वहीत लाल शाईने लिहिलेली आहेत, पण कारण कळत नाही. मराठीतून विचार केला तर सगळीकडे 'ला' येतो आणि इंग्रजीतून केला तर सगळीकडे इंग्रजी 'मी' (me) किंवा 'हिम' येतं. मग ओळखायचं कशावरून?

(जर्मन शब्द देवनागरीत लिहिलेत. इश, मिश, डिश यांतला शेवटचा 'श' खरा 'श' नाही. जीभ 'इ' च्या जागी ठेवून हवा सोडली की जो घासणारा आवाज येतो तो. 'झ' हा इंग्रजी झेडसारखा वाचावा.)

पाटीपेन्सिल

सहाही चुकांची कारणं वेगवेगळी आहेत. पहिल्या पाच मराठीतून आल्यात, सहावी अक्युझाटिव्ह शिकल्यामुळे आली आहे. एकेक बघू.

पहिलं वाक्य. मराठीत आपण 'मी झाड बघते' म्हणतो पण 'मी मुलाला बघते' म्हणतो. कर्म सजीव असेल, विशेषतः माणूस असेल, तर 'ला' लागतो. निर्जीव असेल तर बहुधा लागत नाही. त्यामुळे झाड, टेबल, चहा, पेन असं काही आलं की आपल्या डोक्यात कर्माची घंटाच वाजत नाही आणि शब्द प्रथमेत राहतो. जर्मनला सजीव-निर्जीवाशी देणंघेणं नाही. तिथे दोनच प्रश्न: हा शब्द कर्म आहे का, आणि तो पुल्लिंगी एकवचनी आहे का? दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तर डेर चं डेन, आइन चं आइनेन, काइन चं काइनेन, माइन चं माइनेन. स्त्रीलिंगी डी, नपुंसकलिंगी डास आणि अनेकवचनी डी जसेच्या तसे राहतात. म्हणून इश झेहे डेन बाउम. अक्युझाटिव्हच्या धड्यात नामांपुरता बदल एवढाच आहे. तोही एकाच लिंगात, त्यामुळे पुल्लिंगी शब्द कोणते हे माहीत नसेल तर बाकी सगळं पाठांतर फुकट.

याच मुळाची आणखी एक चूक पुढे भूतकाळात निघेल, आत्ताच सांगून ठेवतो. 'मी सफरचंद खाल्लं' या वाक्यात मराठी क्रियापद सफरचंदाप्रमाणे चालतं, सफरचंद प्रथमेत असतं. जर्मनमध्ये काळ बदलला तरी कर्म कर्मच राहतं: इश हाबे आइनेन आप्फेल गेगेसेन. आप्फेल पुल्लिंगी आहे, तेव्हा आइनेन सुटत नाही. वर्तमानकाळात बरोबर लिहिणारे लोक इथे हमखास 'आइन आप्फेल' लिहितात.

दुसरं वाक्य. 'माझ्यासाठी' यात 'माझ्या' दिसतं म्हणून तुम्ही माइन लिहिलंत. मराठीत 'माझ्यासाठी' आणि 'माझ्या वडिलांसाठी' या दोन्हीकडे 'माझ्या' आहे, जर्मनमध्ये ते दोन वेगळे शब्द आहेत. पुढे नाम नसेल तर सर्वनाम: फ्यूर मिश. पुढे नाम असेल तर मालकीचा शब्द, आणि तोही अक्युझाटिव्हमध्ये: फ्यूर माइनेन फाटर, फ्यूर माइने मुटर, फ्यूर माइन किंट. 'फ्यूर इश' असं लिहावंसं वाटलं तर 'मीसाठी' म्हणून बघा, कान लगेच नकार देईल. आपल्याकडे 'साठी' च्या आधी सामान्यरूप लागतं, त्यांच्याकडे फ्यूर नंतर अक्युझाटिव्ह लागतो.

तिसरं. किल्ली मराठीत स्त्रीलिंगी, म्हणून झी. पण डेर श्ल्युसेल पुल्लिंगी, म्हणून ईन: इश झूखे ईन. आपल्याला तो-ती-ते ची सवय आहे हा मोठा फायदा, पण लिंगं जुळत नाहीत. ताटाशेजारची तीन भांडीच घ्या: चमचा डेर ल्योफेल (जुळलं), काटा डी गाबेल, सुरी डास मेसेर. सूर्य डी झॉने आहे, म्हणून 'सूर्य दिसतोय का?' ला उत्तर 'या, इश झेहे झी'. वस्तूला सर्वनाम वापरताना मराठी शब्द डोक्यात येऊच द्यायचा नाही. इंग्रजीवरून आलेले लोक याच जागी प्रत्येक वस्तूला 'एस' लावतात, तेही चूक.

चौथं माझ्या मते सगळ्यात मराठमोळं आहे. वडिलांसाठी आपण आदरार्थी 'त्यांना' म्हणतो आणि 'त्यांना' म्हणजे झी असं तुम्ही पाठ केलंय. पण जर्मनमध्ये तृतीय पुरुषात आदरार्थी बहुवचन नाही. वडील, आजोबा, सर, राष्ट्राध्यक्ष, सगळे एर आणि ईन. 'इश बेझूखे झी' वाचून जर्मन माणसाला वाटेल की तुम्ही कुठल्या तरी बाईला किंवा बऱ्याच जणांना भेटायला निघालात. आदर फक्त समोरच्याशी बोलताना, मोठ्या अक्षराने लिहिल्या जाणाऱ्या झी मध्ये असतो.

पाचवं. हेल्फेन ला अक्युझाटिव्ह चालत नाही, डाटिव्ह (आपल्या चतुर्थीसारखी विभक्ती) लागतो: इश हेल्फे डीर. याला युक्ती नाही, यादी आहे. सुरुवातीला सात पुरतील: हेल्फेन (मदत करणं), डांकेन (आभार मानणं), गेफालेन (आवडणं), गेह्योरेन (मालकीचं असणं), आंटवोर्टेन (उत्तर देणं), श्मेकेन (चव आवडणं), पासेन (मापाला बसणं). एवढी यादी डाटिव्हची म्हणून बाजूला काढा. तुमच्या पातळीवर एकच कर्म असलेलं बाकीचं जवळजवळ प्रत्येक क्रियापद अक्युझाटिव्ह घेतं.

सहावं. झाइन (असणं), वेर्डेन (होणं), हाइसेन (नाव असणं) आणि ब्लाइबेन (राहणं) यांना कर्म नसतं. 'डास इस्ट' नंतर येतो तो तोच कर्ता दुसऱ्या नावाने, म्हणून डास इस्ट आइन टिश. पण 'एस गिब्ट' नंतर मात्र अक्युझाटिव्ह: एस गिब्ट हीर आइनेन पार्क. मराठीत दोन्हीकडे 'आहे' येतं, त्यामुळे ही जोडी शेजारी शेजारी लिहून ठेवा.

जुनी_वही

शाळेत संस्कृत घेतलं असेल तर यातलं निम्मं तुम्हाला आधीच येतंय. पारंपरिक मराठी व्याकरणात द्वितीया आणि चतुर्थी दोन्हींचे प्रत्यय 'स, ला, ते' असेच दिलेले असतात, म्हणून मराठीत फरक ऐकू येत नाही. संस्कृतात येतो: माम् म्हणजे मिश, मह्यम् म्हणजे मीर. त्वाम् डिश, तुभ्यम् डीर. 'कर्मणि द्वितीया' हे पाणिनीचं सूत्र जर्मनलाही लागू पडतं.

गंमत पुढे आहे. 'रामाय मोदकः रोचते' यात मोदक कर्ता आणि राम चतुर्थीत. जर्मन गेफालेन तसंच: डेर फिल्म गेफेल्ट मीर. सिनेमा कर्ता, मला डाटिव्ह. 'मासम् अधीते' मध्ये कालावधी द्वितीयेत, जर्मनमध्येही: आइनेन मोनाट (महिनाभर), डेन गान्त्सेन टाग (दिवसभर), येडेन टाग (रोज). आणि ज्यांना तुम्ही अव्ययं म्हणताय ती म्हणजे आपली उपपद विभक्ती (ठरावीक शब्दामुळे शेजारच्या नामाला लागणारी). 'परितः' ला द्वितीया, तशी उम ला अक्युझाटिव्ह. 'विना' ला द्वितीया, तशी ओने ला अक्युझाटिव्ह.

मंडईकर

@जुनी_वही, माम्-मह्यम् ची जोडी उत्तम, पण पुढे जरा जपून. 'विना' ला संस्कृतात द्वितीया, तृतीया आणि पंचमी तिन्ही चालतात. ओने ला अक्युझाटिव्हशिवाय काही चालत नाही. 'सह' ला तृतीया, पण जर्मनमध्ये तृतीयाच उरलेली नाही, म्हणून मिट (सोबत, ने) डाटिव्हकडे गेलं. अव्ययांच्या बाबतीत संस्कृतवरून अंदाज बांधला तर कधी लागेल, कधी नाही.

शिवाय एक सापळा फक्त संस्कृत आलेल्यांसाठीच आहे. संस्कृत द्वितीया 'म्' वर संपते: रामम्, तम्, वनम्. त्यामुळे डेन आणि डेम समोर आले की हात आपोआप डेम कडे जातो. जर्मनमध्ये नेमकं उलट आहे: शेवटी 'न' म्हणजे अक्युझाटिव्ह (डेन, ईन, आइनेन) आणि शेवटी 'म' म्हणजे डाटिव्ह (डेम, ईम, आइनेम). भाषेच्या इतिहासात याला कारण आहे, 'तम्' मधल्या शेवटच्या 'म्' चा तिकडे 'न' झाला आणि डेम मधला 'म' हा 'तस्मै' मधल्या 'म' चा भाऊबंद आहे. लक्षात ठेवायचं तर तस्मै - डेम - ईम अशी माळ करा.

आणि ऐकताना ऱ्हस्व-दीर्घ सोडू नका. इन (मध्ये) ऱ्हस्व, ईन (त्याला, अक्युझाटिव्ह) दीर्घ. इम (मध्ये, डाटिव्हच्या उपपदासह, इन अधिक डेम) ऱ्हस्व, ईम (त्याला, डाटिव्ह) दीर्घ. चार शब्द, चार अर्थ. भरभर बोलताना आइनेन चं 'आइन्' होतं, शेवटचा 'न' नुसता लांबतो. ऐकू आलं नाही म्हणून लिहायचं नाही असं करू नका.

इझारकाठ

अव्ययांचा प्रश्न मागे राहिलाय, तो घेतो. तुमच्या पातळीपुरती ही यादी बंदिस्त आहे: तुमची पाच, शिवाय बिस आणि एंटलांग. यांच्यानंतर अक्युझाटिव्हच, गती असो वा नसो, क्रियापद कुठलंही असो. 'इश हेल्फे' असलं तरी 'ओने डिश' च. विचार करण्यात वेळ घालवायचा नाही. अडचण येते ती कुठलं अव्यय निवडायचं यात, कारण मराठीचे प्रत्यय त्यांच्याशी एकास एक जुळत नाहीत.

फ्यूर म्हणजे साठी, पण सगळ्या 'साठी' ला नाही. 'डोकेदुखीसाठी गोळी' किंवा 'डोकेदुखीवर गोळी' म्हणायचं असेल तर आइने टाब्लेटे गेगेन कॉप्फश्मेर्त्सेन, कारण गोळी दुखण्याच्या विरुद्ध असते. फ्यूर म्हटलंत तर डोकं दुखावं म्हणून गोळी घेतल्यासारखं होतं. 'मी जर्मन शिकण्यासाठी आले' यातही फ्यूर येत नाही, तिथे 'उम... त्सू' ची रचना लागते, ती पुढच्या पातळीवर. आणि 'दोन वर्षांपासून शिकतेय' ला इंग्रजीच्या नादाने फ्यूर लावतात, ते चूक. तिथे झाइट आणि डाटिव्ह: झाइट त्स्वाइ यारेन. फ्यूर त्स्वाइ वोखेन म्हणजे ठरवून दोन आठवड्यांसाठी, बहुधा पुढच्या मुक्कामाबद्दल.

गेगेन: विरुद्ध, आपटण्याच्या अर्थाने 'वर' (गाडी भिंतीवर आदळली: गेगेन डी वांट), आणि वेळेबरोबर 'सुमारास'. गेगेन आख्ट म्हणजे आठच्या सुमारास. उम आख्ट ऊर म्हणजे आठ वाजता, ठोक्याला. हे दोन उलटे करून भेट चुकते, परीक्षेतल्या ऐकण्याच्या भागातही गुण जातात.

उम चा दुसरा अर्थ भोवती: उम डेन टिश (टेबलाभोवती), उम डी एके (कोपऱ्यावरून वळून). मागण्याच्या क्रियापदाबरोबरही तेच: इश बिटे झी उम हिल्फे, मी तुमच्याकडे मदत मागते. या वाक्यात दोन अक्युझाटिव्ह आहेत, ज्याच्याकडे मागायचं तो थेट कर्म आणि जे मागायचं ते उम नंतर. मराठी 'तुमच्याकडे' पाहून अव्यय शोधत बसू नका.

डुर्श म्हणजे आरपार, मधून: डुर्श डेन पार्क, डुर्श डी ट्यूर. 'बागेतून आले' याचे मराठीत दोन अर्थ होतात. बाग ओलांडून आले असेल तर डुर्श; बागेत होते, तिथून आले असेल तर आउस आणि डाटिव्ह: आउस डेम पार्क. मराठी 'तून' दोन्हीकडे एकच, म्हणून आधी स्वतःला विचारायचं की एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडलात का.

ओने नंतर वस्तू आली तर बहुधा उपपद गळतं: टे ओने त्सुकेर (बिनसाखरेचा चहा), ओने गेल्ट. माणूस आला तर स्पष्ट दिसतं: ओने ईन, ओने माइनेन ब्रूडेर. दूध घालून हवा असेल तर मिट मिल्श, आणि मिट डाटिव्हचं. ओने आणि मिट विरुद्धार्थी आहेत म्हणून विभक्तीही एकच असेल असा समज होतो, तो सोडा: ओने मिश, पण मिट मीर.

बिस (पर्यंत) एकटं फारसं येत नाही. बिस मोर्गेन, बिस मोंटाग यांत विभक्ती दिसत नाही. 'बिस नेख्स्टेन मोंटाग' मध्ये विशेषणाच्या शेवटच्या 'न' मध्ये दिसते. स्टेशनापर्यंत म्हणायचं असेल तर बिस त्सुम बानहोफ, आणि तिथे विभक्ती त्सू ठरवतं, म्हणजे डाटिव्ह. एंटलांग मराठीसारखं नामाच्या मागे बसतं: डेन फ्लुस एंटलांग, नदीकाठाने. एवढं एकच अव्यय आपल्या वळणाचं निघालं.

जोडरूपं तीन ऐकाल: डुर्श डास चं डुर्श्स, फ्यूर डास चं फ्यूर्स, उम डास चं उम्स. ती फक्त डास बरोबर होतात. डेन बरोबर जोडून लिहायचं नाही.

आणि निर्जीव वस्तूसाठी 'फ्यूर एस' म्हणू नका. 'त्यासाठी' ला डाफ्यूर, 'त्याविरुद्ध' ला डागेगेन, 'त्याबद्दल, त्यासाठी' या अर्थाने डारुम, 'त्यामुळे, त्यातून' ला डाडुर्श. माणसाला मात्र फ्यूर ईन. प्रश्न विचारतानाही असंच: वस्तूबद्दल वोफ्यूर, माणसाबद्दल फ्यूर वेन. ओने चं असं रूप होत नाही. छत्री (डेर रेगेनशिर्म) घरी राहिली तरी ओने ईन असंच.

नवशिकी_ठाणे

खूप उलगडलं. दोन शंका. 'इश वार्टे आउफ डिश' यात आउफ च्या पुढे डिश का? आउफ तर तुमच्या यादीत नाही. आणि पुस्तकात एकदा 'इन डी शूले' आहे आणि एकदा 'इन डेर शूले'. डेर तर पुल्लिंगी ना?

इझारकाठ

दुसरी शंका आधी. तो डेर पुल्लिंगी प्रथमेचा नाही, स्त्रीलिंगी डाटिव्हचा आहे. जर्मनमध्ये एकच उपपद अनेक घरांत राहतं. डेन सुद्धा फक्त पुल्लिंगी अक्युझाटिव्ह नाही. अनेकवचनी डाटिव्हही डेन च असतं (मिट डेन फ्रॉइंडेन). डेन दिसलं की नाम एकवचनी आहे का हे बघायचं.

आन, आउफ, हिंटेर, इन, नेबेन, य्यूबेर, उंटेर, फोर, त्स्विशेन ही नऊ अव्ययं दोन्ही विभक्ती घेतात. वोहिन (कुठे, म्हणजे कुठल्या दिशेने) याचं उत्तर असेल तर अक्युझाटिव्ह, वो (कुठे, म्हणजे कोणत्या जागी) याचं असेल तर डाटिव्ह. इथे मराठी पुन्हा मदत करत नाही, कारण 'शाळेत जाते' आणि 'शाळेत आहे' दोन्हींत 'त', 'टेबलावर ठेवते' आणि 'टेबलावर आहे' दोन्हींत 'वर', आणि प्रश्नही दोन्हींना 'कुठे?' हाच. इश गेहे इन डी शूले. इश बिन इन डेर शूले. इश लेगे डास बूख आउफ डेन टिश. डास बूख लीग्ट आउफ डेम टिश.

'हालचाल असेल तर अक्युझाटिव्ह' हा वर्गात सांगितला जाणारा नियम अर्धवट आहे. बागेत पळणं ही हालचालच, पण पळणारा बागेच्या आतच आहे, म्हणून इश लाउफे इम पार्क, डाटिव्ह. बाहेरून पळत बागेत शिरला तर इन डेन पार्क. बघायचं ते एवढंच की क्रियेच्या शेवटी जागा बदलली का, रेषा ओलांडली का.

आता आउफ डिश. वार्टेन आउफ हा ठरलेला जोड आहे, तिथे जागेचा प्रश्नच नाही. क्रियापदाबरोबर अव्यय आणि विभक्ती तिन्ही एकत्र पाठ करायचं: वार्टेन आउफ अधिक अक्युझाटिव्ह (वाट बघणं), डेंकेन आन अधिक अक्युझाटिव्ह (आठवण काढणं), श्प्रेशेन य्यूबेर अधिक अक्युझाटिव्ह (विषयावर बोलणं). अशा जोडांत य्यूबेर ला अक्युझाटिव्हच असतो, आउफ ला बहुतेकदा. पण आंग्स्ट फोर (ची भीती) ला डाटिव्ह. मराठीत 'तुझी वाट बघते' असं षष्ठीत येतं, म्हणून भाषांतर करून काहीच हाती लागणार नाही.

पाटीपेन्सिल

याच धर्तीवर काही क्रियापदं, जिथे मराठीत वेगळाच प्रत्यय असतो पण जर्मनमध्ये साधं कर्म: इश हाइराटे ईन (त्याच्याशी लग्न करते), इश रूफे डिश आन (तुला फोन करते), इश फ्रागे झी (तुम्हाला विचारते). फ्रागेन अक्युझाटिव्ह घेतं आणि आंटवोर्टेन डाटिव्ह, म्हणजे प्रश्न विचारताना डिश, उत्तर देताना डीर. आणि 'मला' ने सुरू होणारी वाक्यं: मला एक भाऊ आहे, इश हाबे आइनेन ब्रूडेर. मला कॉफी हवी, इश म्योश्टे आइनेन काफे. मला भूक लागलीय, इश हाबे हुंगेर. तिन्हींत 'मला' चं इश होतं, मीर नाही की मिश नाही. पण 'मला सिनेमा आवडला' ला गेफालेन वापरलंत तर मीर, आणि म्योगेन वापरलंत तर पुन्हा इश: इश माग डेन फिल्म. पुल्लिंगी कर्म, डेन.

'तुम्हाला' चीही फोड करून ठेवा. मित्रमैत्रिणींच्या घोळक्याला ऑइश, अनोळखी किंवा मोठ्या माणसाला, एकटा असला तरी, झी. आईला किंवा वडिलांना मात्र डिश. मराठीत वडिलांना अहो-जाहो करत असाल तरी. 'आपल्याला' आणि 'आम्हाला' दोन्हींना उन्स.

काही पुल्लिंगी नामं कर्म झाली की स्वतःही बदलतात, आपल्या सामान्यरूपासारखी: डेर श्टुडेंट, डेन श्टुडेंटेन, डेर युंगे, डेन युंगेन, डेर नाखबार, डेन नाखबार्न, हेर, हेर्न. बहुतेक माणसांची, 'ए' वर संपणारी (युंगे) किंवा शेवटच्या अक्षरावर आघात असलेली. आत्ता ही चार पुरेत.

मंडईकर

सरावाबद्दल कोणी बोललं नाही. कोष्टक उभं म्हणता येणं आणि वाक्यात रूप सुचणं या वेगळ्या गोष्टी आहेत. मिश-डिश-ईन असं ओळीने पाठ केलं की 'ऑइश' साठी सातव्या पायरीपर्यंत चढावं लागतं आणि तोवर बोलणं थांबतं. म्हणून प्रश्नोत्तराने करा. झीस्ट डू मिश? या, इश झेहे डिश. झेट ईर उन्स? या, वीर झेहेन ऑइश. मिश च्या उत्तरात डिश, उन्स च्या उत्तरात ऑइश, या जोड्या बसल्या की अर्धं काम झालं.

ईन-झी-एस साठी घरातल्या पंधरा वस्तू घ्या, प्रत्येक लिंगाच्या पाच. पुल्लिंगी: टिश, श्टूल (खुर्ची), श्ल्युसेल, ल्योफेल, श्टिफ्ट (पेन). स्त्रीलिंगी: गाबेल, टाशे (पिशवी), लांपे (दिवा), ऊर (घड्याळ), टासे (कप). नपुंसक: मेसेर, बूख, ग्लास, हांडी (मोबाइल), फेन्स्टेर (खिडकी). चिठ्ठ्या करून उलट्या ठेवा. एक उचला आणि तीन वाक्यं मोठ्याने म्हणा: डास इस्ट आइन श्टूल. इश ब्राउखे आइनेन श्टूल. इश ब्राउखे ईन. पहिल्या वाक्यामुळे तुमची सहावी चूक सुटेल, दुसऱ्यामुळे पहिली, तिसऱ्यामुळे तिसरी. पंधरा चिठ्ठ्यांना दहा मिनिटं पुरतात. चुकलेली चिठ्ठी बाजूला न ठेवता ढिगात दोन चिठ्ठ्यांखाली सरकवा, म्हणजे लगेच परत येते.

गोएथेच्या ए-१ परीक्षेत बोलण्याच्या तिसऱ्या भागात चित्राचं कार्ड मिळतं आणि समोरच्याला विनंती करायची असते. तिथे हेच लागतं: कान इश बिटे डेन श्टिफ्ट हाबेन? लिहिण्याच्या भागात साधारण तीस शब्दांचा निरोप असतो. त्यात झी की डिश हे पहिल्या ओळीत ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा.

शब्दक्रमाचं एक. दोन कर्मं आली की अक्युझाटिव्हचं कर्म नाम असताना डाटिव्ह आधी: इश गेबे डीर डेन श्ल्युसेल. दोन्ही सर्वनामं झाली की अक्युझाटिव्ह आधी: इश गेबे ईन डीर. आणि निश्ट (नाही) सर्वनामाच्या मागे: इश केने ईन निश्ट. कर्माचं एस वाक्याच्या सुरुवातीला बसत नाही, तिथे डास येतं: डास वाइस इश निश्ट.

नवशिकी_ठाणे

चिठ्ठ्या केल्या. नवी पाच वाक्यं, तपासाल का?

(१) इश काउफे आइनेन काफे फ्यूर माइन ब्रूडेर.
(२) वो इस्ट डी ऊर? इश झेहे झी निश्ट.
(३) इश श्टेले डास ग्लास आउफ डेम टिश.
(४) माइन ग्रोसफाटर कॉम्ट. वीर वार्टेन आउफ ईन.
(५) हेर नाखबार, इश फ्रागे ऑइश.

पाटीपेन्सिल

दोन आणि चार बरोबर. चार मध्ये आजोबांना ईन आलं, म्हणजे 'त्यांना' चं भूत उतरलं.

एक मध्ये काफे सांभाळला पण ब्रूडेर सुटला: फ्यूर माइनेन ब्रूडेर. फ्यूर च्या पुढे पुल्लिंगी नामाआधी मालकीचा शब्द आला की त्यालाही 'एन' लागतो. तीन मध्ये ग्लास टेबलावर जातोय, वोहिन: आउफ डेन टिश. आधी तो टेबलावर नव्हता. पाच मध्ये शेजाऱ्यांना हेर नाखबार म्हणत असाल तर ते एकटे आहेत आणि आदराने बोलताय, म्हणून इश फ्रागे झी.

एक आणि तीन ची तीन-तीन भावंडं लिहून टाका: फ्यूर माइने श्वेस्टेर, फ्यूर माइन किंट, फ्यूर माइने एल्टेर्न, आउफ डेन श्टूल, आउफ डी टाशे, आउफ डास बूख.